घारापुरीचा बेत

मुलांनो, रेल्वे स्टेशनवरची पिवळी पाटी तुम्ही कधी नीट वाचलीय का? गावाचं नाव तर सगळेच वाचतात. पण त्याच्या खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आमचं छत्रपती संभाजीनगर समुद्रापेक्षा साडेपाचशे मीटरांहून जास्त उंच आहे. म्हणजे समुद्र आम्हाला लांब तर आहेच, शिवाय खूप खालीही आहे!

आम्ही राहतो बजाजनगरमध्ये. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेली ही वस्ती. इथे सकाळ-दुपार-रात्र शिफ्टच्या गाड्या धावतात. कुणी विदर्भातून आलेलं, कुणी खानदेशातून, कुणी कोकणातून. पाणी म्हणाल तर जायकवाडीचं, नळाला येणारं, आणि ते कधी येईल याकडे सगळ्यांचे कान लागलेले. अशा ठिकाणच्या मुलांना समुद्र भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात नाहीतर टीव्हीवर.

तर अशा गावातून आम्ही एका बेटावर जायचा बेत केला. सहल एका दिवसात संपली. बेत मात्र दोन महिने चालला. आज मी तुम्हाला सांगणार आहे ते जास्त करून बेताबद्दलच, कारण आमच्या घरात जी काही खरी घालमेल झाली ती बेत करतानाच.

पहिला प्रश्न होता, बेट कोणतं? आपल्या महाराष्ट्राला बेटांची काही कमी नाही. मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आहे. मुरूडजवळ जंजिरा आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला तर भारी मजेशीर, ओहोटीला चालत जा, भरतीला होडीनं या! पण मुलांच्या बाबांना कंपनीतून सुट्टी मिळणार होती एका दिवसाची. साप्ताहिक सुट्टी धरून दोन दिवस. त्यात बसेल असं एकच बेट होतं, मुंबईजवळचं घारापुरी, ज्याला एलिफंटा म्हणतात. रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये झोपायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर बेट बघायचं आणि पुन्हा रात्रीच्या गाडीनं परत.

आमच्या ताईला (ही माझी मुलगी, सातवीत आहे, धाकटा तिला ताई म्हणतो म्हणून आम्ही सगळेच म्हणतो) घारापुरीच हवं होतं, पण तिचं कारण वेगळं होतं. वेरूळ आमच्या अंगणातलं. तिथलं २९ क्रमांकाचं लेणं, धुमार लेणं, आणि घारापुरीचं मोठं लेणं यांची ठेवण एकमेकांशी खूप जुळते. दोन्हीकडे तोच खांबांचा भव्य मंडप, तोच कैलास हलवणारा रावण, तेच शिवपार्वतीचं लग्न. दोन्ही लेणी साधारण सहाव्या शतकातली, आणि कलचुरी राजांच्या काळाशी त्यांचा संबंध असावा असं अनेक अभ्यासक मानतात. ताई म्हणाली, "म्हणजे आपल्या वेरूळची एक बहीण समुद्रात राहायला गेलीय. तिला भेटायला नको?"

यावर कोण काय बोलणार! नाताळची सुट्टी ठरली.

आणि मग १८ डिसेंबर २०२४ उजाडला. तुमच्यापैकी अनेकांनी ती बातमी पाहिली असेल. मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या एका वेगवान बोटीची धडक बसली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. प्रवासी बोटीत शंभराहून जास्त माणसं होती. पंधरा जणांचे प्राण गेले. आम्ही जेवत होतो. टीव्हीवर तीच बोट, तोच समुद्र. कुणी घास उचलेना.

मी म्हटलं, "नको. आपण जायचं नाही."

आई मुलांना नको म्हणते तेव्हा घरात काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला हवं का? धाकटा रडला. हे गप्प बसले. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, इतकी वर्षं नाही पाहिला समुद्र, आता नाही पाहिला तर काय बिघडतंय?" त्यांचं माहेर पैठण तालुक्यातलं. गोदावरी पाहिलेली, नाथसागर भरताना पाहिलेला, पण समुद्र नाही. त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की मलाच कसंसं झालं. तरीही माझं 'नको' ते नकोच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते. ताई एक जुनी अर्धी कोरी वही घेऊन आली आणि समोर बसली.

"आई, तुला कशाकशाची भीती वाटते ते सांग. मी लिहून घेते."

"कशाला?"

"तू नुसतं नको म्हणालीस. नको कशाला, ते नाही सांगितलंस."

मुलांनो, तिच्या आवाजात जराही राग नव्हता. डॉक्टर विचारतात ना, कुठं दुखतंय, तसं विचारत होती. मग मी सांगत गेले. बोट बुडाली तर? आपल्याला पोहता येत नाही. आईंचा पाय धक्क्यावर घसरला तर? धाकट्याला बोट लागली तर? शेवटची बोट चुकली तर? ऊन लागलं तर? पुन्हा एखादी बोट येऊन आदळली तर?

मग सगळ्यांनाच जोर आला. सासूबाई म्हणाल्या, "लिही, आजीला मधेच बाथरूमला जायचं झालं तर?" सगळे हसले, पण ताईनं गंभीरपणे लिहून घेतलं. आणि बरोबरच होतं तिचं, म्हाताऱ्या माणसाला त्याच्यापेक्षा मोठी अडचण प्रवासात दुसरी नसते. हे म्हणाले, "ऐनवेळी सुट्टी रद्द झाली तर?" धाकट्यानं वही ओढून स्वतःच्या हातानं लिहिलं, "देवमासा." अशा एकूण अकरा भीत्या झाल्या.

मग ताईनं पान उभं आखलं आणि तीन रकाने केले. पहिल्या रकान्याला नाव दिलं 'विचारायचं'. दुसऱ्याला 'आपण करायचं'. तिसऱ्याला 'आपल्या हातात नाही'. आणि एकेक भीती उचलून तिच्या तिच्या रकान्यात टाकायला लागली.

आधी पहिला रकाना बघू. यातल्या भीत्या माहिती मिळाली की निम्म्या होतात. बोटीला किती वेळ लागतो? गेटवेपासून घारापुरी सुमारे दहा किलोमीटर, बोटीनं साधारण तासाभराचा रस्ता. पहिली बोट नऊच्या सुमारास सुटते. बेटावर पर्यटकांना रात्री राहता येत नाही, म्हणून संध्याकाळी परतीच्या बोटींवर लक्ष ठेवायचं. आम्ही वहीत लिहिलं, 'शेवटच्या बोटीसाठी थांबायचं नाही. दोन-अडीचलाच परत निघायचं.' म्हणजे एखादी बोट चुकली तरी मागून दुसरी असते. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार बाद. स्वच्छतागृह गेटवेजवळही आहे आणि बेटावरही आहे, म्हणजे आजींची अडचण फक्त मधल्या तासापुरती उरली. आणि धाकट्याचा देवमासा? त्याला शाळेच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातून कळलं की बंदराच्या त्या उथळ, गढूळ पाण्यात देवमासा सहसा फिरकत नाही. त्यानं ती ओळ स्वतः खोडली. जरा नाराजीनंच खोडली!

आता दुसरा रकाना. इथे आम्हाला मदत झाली ती आमच्या इमारतीत खाली राहणाऱ्या अलिबागकडच्या काकांची. आजींच्या पायाची काळजी ऐकून ते म्हणाले, "वहिनी, आधी तिथी बघा. धक्क्यावर चढणं-उतरणं सोपं का अवघड, ते तिथीवर असतं."

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि आम्हाला समुद्राचं गणित शिकवलं. तुम्हीही शिकून घ्या, फार सोपं आहे.

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं. हे चंद्राच्या ओढीमुळे होतं, आणि चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. हे ऐकून बाबा म्हणाले, "मी रोज पन्नास मिनिटं उशिरा गेलो, तर मला गेटवरूनच परत पाठवतील!"

मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर जुनी माणसं भरतीची वेळ कशी काढतात माहीत आहे? तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्थात हा ढोबळ अंदाज झाला, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. नक्की वेळ हवी तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहायचं. पण अंदाज बांधायला घरातलं कॅलेंडर पुरतं.

"आणि पायाचा काय संबंध?" आजींनी विचारलं.

तीच तर गंमत आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप उतरते. याला म्हणतात उधाण. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांच्या आसपास फरक पडतो. चार मीटर म्हणजे घराच्या एका मजल्याहून जास्त! अशा ओहोटीला बोट धक्क्याच्या पार खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असणाऱ्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. गुडघे दुखणाऱ्या माणसानं तिथे उतरायचं म्हणजे अवघडच. पण अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र वेगवेगळ्या दिशांनी ओढतात, आणि पाण्याची चढउतार निम्म्याहूनही कमी होते. याला कोळी लोक भांग म्हणतात. म्हणजे आजींची तिथी होती अष्टमी किंवा तिच्या पुढेमागे एखादा दिवस.

झालं! ताईला कोडं मिळालं. तिथी अष्टमीच्या जवळची हवी. सोमवार नको. बाबांची साप्ताहिक सुट्टी रविवारी, म्हणून शनिवार बरा. मुलांची परीक्षा नको. पावसाळा नको, कारण दर्या खवळला की बोटी बंद ठेवतात. कडक उन्हाळाही नको. तिनं चार रंगांच्या पेन्सिलींनी कॅलेंडरवर खुणा केल्या. नाताळ तर निघूनच गेला होता. शेवटी सगळ्या अटींत बसणारा एक चौकोन सापडला, शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५, माघ वद्य नवमी. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. सकाळी पावणेसातच्या सुमारास भरती, दुपारी एकच्या सुमारास ओहोटी, पण भांगाची, म्हणजे बेताची. चौकोनात आणखी एक शब्द छापलेला होता, 'दासनवमी'. आजी म्हणाल्या, "रामदास स्वामी आपल्या जांबचेच की. दिवस चांगला आहे." आजींचं मत पडलं म्हणजे ठराव पासच.

पण मी अजून हो म्हटलेलं नव्हतं बरं का! मी फक्त "बघू" म्हणत होते.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही रंगीत तालीम केली. कुठे? वेरूळला! (मंगळवारी वेरूळ बंद असतं, हेही लक्षात ठेवा.) घारापुरीला लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात. आजींना तेवढ्या झेपतील का, हे आधी घराजवळच पाहून घ्यायचं होतं. घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर ताई मोजत राहिली. वीस पायऱ्या झाल्या की आजी थांबायच्या, दम खायच्या, पुन्हा निघायच्या. म्हणजे १२० पायऱ्यांना सहा थांबे. ताईनं ते वहीत लिहिलं. घारापुरीला खुर्चीत बसवून वर नेणारी डोलीची माणसंही असतात, पण आजी म्हणाल्या, "मला कुणी उचलायचं दिवस अजून आलेले नाहीत!" मग आम्ही धुमार लेण्यात शिरलो. दाराशी बसलेले दगडी सिंह, आत अंधार, आणि भिंतीवर कैलास हलवणारा रावण. ताईनं त्याचं चित्र काढून घेतलं. "आता बहिणीकडचा रावण कसा आहे, ते जुळवून बघायचं."

आता उरला तिसरा रकाना, 'आपल्या हातात नाही'. त्यात एकच ओळ होती. पुन्हा एखादी बोट येऊन आदळली तर?

या ओळीला कॅलेंडरचा उपयोग नाही, चौकशीचा नाही, तालमीचाही नाही. सगळे ती ओळ सोडून बाकीचं बोलत. एका रात्री सेकंड शिफ्ट करून हे घरी आले, जेवायला बसले आणि स्वतःच त्यावर बोलायला लागले.

हे प्रेसवर काम करतात. पत्रा दाबून आकार देणारं ते भलंमोठं यंत्र. म्हणाले, "आमच्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. का? तर दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात प्रेसखाली नसतो. यंत्र चुकणारच नाही, माणूस चुकणारच नाही, असं धरून कुणी कारखाना चालवत नाही. चूक होणार असं धरायचं, आणि झाली तरी हात वाचेल अशी सोय आधी करायची."

मग म्हणाले, "दुसरी बोट आपण थांबवू शकत नाही. पण आपल्या अंगावर लाइफ जॅकेट आहे की नाही, ते नीट बांधलंय की नाही, हे तर आपल्या हातात आहे."

ताईनं तिसऱ्या रकान्यापासून दुसऱ्या रकान्याकडे एक बाण काढला. बाणावर लिहिलं, 'जॅकेट'.

डिसेंबरच्या अपघातानंतर तिथल्या बोटींवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली होती. पण मुलांनो, जॅकेट नुसतं अंगात अडकवून भागत नाही. ते मापाचं हवं. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. तपासायची एक साधी रीत आहे. सगळे बंद घट्ट लावायचे आणि दुसऱ्यानं जॅकेटच्या खांद्यांना धरून वर ओढायचं. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. धाकटा आठवडाभर दप्तर पोटावर उलटं बांधून घरात हिंडत होता आणि दिसेल त्याला म्हणत होता, "ओढून बघा!"

हे आणखी एक गोष्ट म्हणाले, आणि मला वाटतं त्या गोष्टीनंच माझं 'नको' विरघळलं. "आमच्याकडे प्रत्येक यंत्राला एक लाल बटण असतं. काहीतरी बिनसलंय असं ज्याला वाटेल त्यानं ते दाबायचं. नवा पोरगा असला तरी दाबायचं. दाबल्याबद्दल कुणी रागवत नाही. यंत्र आधी थांबतं, चौकशी मग."

म्हणून आमच्या बेतात शेवटचा नियम आला तो लाल बटणाचा. आमच्यापैकी कुणीही, केव्हाही, "लाल बटण" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. अगदी बोटीच्या दारातून परत यावं लागलं तरी यायचं. चिडवायचं नाही, रुसायचं नाही, पैसे वाया गेले म्हणायचं नाही. गेटवे पाहून परत आलो तरी सहल झाली असं धरायचं.

मी म्हटलं, "ठीक आहे. जाऊ या."

निघायच्या आदल्या दिवशी पिशव्या भरल्या. प्रत्येकाची पाण्याची बाटली, टोप्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बेटावर माकडं खाऊ हिसकावतात, म्हणून सगळं खाणं चेनच्या पिशवीत. बोट लागू नये म्हणून सकाळी पोटभर खायचं नाही, पण उपाशीही राहायचं नाही. बोटीत मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, लांब क्षितिजाकडे पाहायचं. सकाळची बोट धरायची, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो आणि पाणी जास्त हलतं.

शनिवारी सकाळी गेटवेला पोचलो. आजींनी समुद्र पाहिला आणि पदर डोक्यावर घेतला, देवळात शिरताना घेतात तसा. काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

बोटीत चढलो. खलाशानं जॅकेटं दिली. मी धाकट्याचे बंद लावले आणि खांद्यांना धरून ओढलं. जॅकेट सरळ त्याच्या कानांवर आलं. ताईनं खलाशाला विचारलं, "काका, लहान माप आहे का?" ते म्हणाले, "चालतंय ताई, तासाभराचाच तर प्रश्न आहे." मागची माणसं पुढे सरकायची घाई करत होती. तेवढ्यात धाकट्यानं माझा हात ओढला आणि अगदी हळू म्हणाला, "आई, लाल बटण."

मुलांनो, खरं सांगते, अशा वेळी "असू दे रे" म्हणणं फार सोपं असतं. पाठीमागून कुणीतरी "अहो, बसा ना" म्हणत होतंच. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी एका हातानं पिशवी उचलली, दुसऱ्या हातानं आजींना धरलं आणि आम्ही पाचही जण खाली उतरलो. बोट गेली. आम्ही धक्क्यावर उभे! अर्ध्या तासानं दुसरी बोट लागली. तिच्यात लहान जॅकेट होतं. ओढून पाहिलं, हललं नाही. धाकटा ताठ मानेनं पुढे जाऊन बसला.

बेट कसं होतं, ते तुम्ही स्वतःच जाऊन बघा. सगळं सांगून मी तुमची मजा घालवणार नाही. थोडंसंच सांगते. घारापुरीचं बेट भरतीला लहान होतं आणि ओहोटीला मोठं, कारण भोवतीचा सपाट चिखलाचा किनारा पाण्याखाली जातो आणि पुन्हा वर येतो. बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत. तिथे वीज पोचली ती थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. तोवर संध्याकाळनंतर तिथली तुमच्याएवढी मुलं जनरेटर चालू असेपर्यंत, नाहीतर दिव्याच्या उजेडात अभ्यास करायची. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती मात्र आता बेटावर नाही, मुंबईला भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. लेण्यातली तीन मुखांची शिवमूर्ती साडेपाच मीटरांच्या आसपास उंच आहे. तिच्यापुढे बोलणारी माणसंही आपोआप हळू बोलतात. आणि रावण? ताईनं वही उघडून वेरूळचं चित्र शेजारी धरलं. घारापुरीचा रावण बराच झिजला-फुटलाय, पण ओळख पटली. आजी पायऱ्या सहा नाही, पाचच थांब्यांत चढल्या!

एक वाजता धक्क्यावर आलो तर पाणी थोडंच उतरलेलं. आजींनी माझा हात धरला आणि बोटीत पाय टाकला. अलिबागच्या काकांची तिथी बरोबर निघाली होती. परतताना आजींनी विचारलं, "हे पाणी असं रोज येतं-जातं? याला सुट्टी नाही?" धाकटा म्हणाला, "नाही आजी, याची कायमच शिफ्ट!"

मुलांनो, तुम्ही कुठेही राहत असा, बीडला, लातूरला, अकोल्याला, तुमच्याही मनात एखादं बेट असेल. बेटच असं नाही, एखादा गड, एखादा धबधबा असेल. घरातलं कुणीतरी नक्की "नको" म्हणेल. त्यांच्यावर चिडू नका. एक वही घ्या, तीन रकाने आखा, आणि घरात जे माणूस सगळ्यात जास्त घाबरतं, त्याला सगळ्यात आधी बोलू द्या. त्यानं सांगितलेलं सगळं लिहून घ्या, हसू आलं तरी लिहून घ्या. आणि आई-बाबांनो, तुमच्या घरच्या लाल बटणावर सगळ्यात लहान बोट पोचेल, एवढ्या उंचीवरच ते लावा.